खानावळीची पातेली पुन्हा चढली

आई, खानावळीची मोठी पितळी पातेली मी माळ्यावरून खाली काढली. तू गेल्यावर ती मोडीत द्यायचं ठरलं होतं. भाऊ भांडेवाल्याला घरी घेऊनही आला होता, पण मी काही ना काही कारण काढून टाळत राहिले. आता कल्हई करून ती पुन्हा चढली आहेत, आणि त्यात शिजलेलं जेवण सुदान नावाच्या देशातली माणसं जेवतात. तुला हे पहिल्यापासूनच सांगावं लागेल.

तुझ्या वेळी आपल्या बेगमपुऱ्यात शिकायला आलेली बीड-परभणीकडची पोरं खानावळीत जेवायला असायची. आता विद्यापीठात शिकायला सुदान, येमेनकडची माणसंही येतात. कुणी एकटं असतं, कुणी बायकामुलांना घेऊन खोली करून राहतं. मध्यंतरी सुदानमध्ये युद्ध पेटलं. तिथल्या बँका बंद पडल्या आणि या लोकांना घरून येणारे पैसे थांबले. गल्लीत कुणाला काही कळलं नाही, कारण ती माणसं रोजच्यासारखीच इस्त्रीचे कपडे घालून, सलाम करत जिना उतरायची. मला सांगितलं ते शेजारच्या आपानं. ती शिलाईकाम करते, मला बाजी म्हणजे ताई म्हणते. तिच्या मशीनवरच्या खिडकीत वरच्या मजल्यावरच्या सुदानी कुटुंबाच्या फोडणीचा वास येतो, तो येईनासा झाला होता. ती दारात उभी राहून हळू म्हणाली, "बाजी, ऊपरवालों के घर में कल से चुला नै जला."

आम्ही दोघींनी वरण-भात आणि वांग्याची भाजी केली आणि डबा घेऊन वर गेलो. दार घरच्या माणसानं उघडलं. रसायनशास्त्रात पीएच.डी. करणारा, उंच, चष्मेवाला. आमचं जेवण झालंय, असं तो हिंदीत अगदी आदबीनं म्हणाला. त्याच्या मागं तीन लेकरं उभी होती आणि तिन्ही डब्याकडं बघत होती. त्यानं दार आवाज न करता लावून घेतलं. आपा जिन्यातच बसली. मला आधी राग आला, मग तुझी आठवण झाली. दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले आणि त्याला म्हटलं, डबा राहू द्या, आम्ही तुमच्या देशाच्या सगळ्याच लोकांसाठी स्वयंपाक करणार आहोत, कुणाकुणाकडं गरज आहे ते तेवढं सांगा. असं काही ठरलेलं नव्हतं, ते त्या क्षणी तोंडातून निघालं. पण तो माणूस चपला घालून माझ्याबरोबर निघाला आणि घरं दाखवत फिरला. स्वतःचं घर सोडून सगळी दाखवली. त्याच्या घरचा डबा आम्ही न विचारताच धरला.

तुझी पोरं जिथं पंगतीला बसायची त्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वयंपाक सुरू झाला. गॅसची मोठी शेगडी एका मंडपवाल्यानं दिली. आमच्या शाळेतून निवृत्त झालेले खेळाचे सर सकाळीच स्कूटरवर जाधववाडीच्या मंडईतून भाजी आणतात. विद्यापीठातल्या काही मुली येऊन चिरतात, निवडतात, डबे पोचवतात. आपा भात बघते, वरण माझ्याकडं.

डबे पोचवताना मी तुझाच नेम पाळत होते. तो तू मला शिकवलास तो दिवस अजून डोळ्यांपुढं आहे. मी नववीत आहे, पंगत बसली आहे, मी वाढते आहे. एक किडकिडीत पोरगा पुन्हा भाकरी मागतो आणि मी त्याच्या तोंडाकडं बघते, एवढं जातं कुठं म्हणून. तू तेव्हा काहीच बोलत नाहीस. पंगत उठल्यावर मला जवळ बोलावतेस आणि पीठ मळता मळता, वर न बघता सांगतेस, "वाढताना ताटाकडं बघायचं, तोंडाकडं नाय. भुकेची लाज लई वाईट असती." मला ते इतकं लागलं होतं की पुढं घरच्या पाहुण्यांना वाढतानाही माझी मान खालीच राहिली. म्हणून इथंही मी तसंच करायची. डबा उंबऱ्यावर ठेवायचा, बेल दाबायची, दार उघडेपर्यंत निम्मा जिना उतरायचा. आपण फार चांगलं वागतोय असं मला वाटत होतं.

एका दुपारी त्या रसायनवाल्याची बायको रिकामा डबा घेऊन स्वतःच शेडमध्ये आली. घासूनपुसून लख्ख केलेला डबा तिनं ओट्यावर ठेवला आणि मोडक्यातोडक्या हिंदीत मला म्हणाली, "तुम रोज आता, खाना रखता, हमको देखता नहीं. हम कुत्ता है क्या?"

शेडमध्ये सगळ्यांचे हात थांबले. आपानं तिला स्टुल दिलं. मी समोर बसले आणि पहिल्यांदा तिच्याकडं नीट पाहिलं. माझ्यापेक्षा बरीच लहान, डोळ्यांखाली काळं झालेलं. मी तिला तुझा नेम सांगायचा प्रयत्न केला, आपानं तिला समजेल अशा शब्दांत तो पुन्हा सांगितला. तिनं ऐकून घेतलं आणि मान हलवली. लाज वाटते हे खरं, पण घरात कुणी येत नाही, कुणी बोलत नाही, ते त्याहून वाईट, असं ती म्हणाली. आई, तुझं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण तुझ्या पोरांना रविवारी गावाकडं जाता येत होतं, तिथं त्यांच्याकडं बघणारं कुणीतरी होतं. हिचं गाव जळत होतं.

मग तिनं फोनवर फोटो दाखवला. तिची धाकटी बहीण खार्तूममध्ये गल्लीतल्या लोकांबरोबर असंच स्वयंपाकघर चालवत होती. अंगणात विटांच्या चुली, त्यावर आपल्यापेक्षा मोठे टोप, आणि भांडी घेऊन उभी असलेली बायकांची रांग. कधी मसूर, कधी नुसती उकडलेली कडधान्यं. बंदूकवाले येऊन पोती उचलून न्यायचे, की पुन्हा दारोदार फिरून गोळा करायचं. एकदा जवळच तोफेचा गोळा पडला आणि टोप ढवळणारा माणूस गेला. त्याला पुरून दुसऱ्या दिवशी चुली पुन्हा पेटवल्या, असं बहिणीनं कळवलं होतं. त्यानंतर तिचा फोन लागत नव्हता. हे सांगताना ती रडली नाही. हातातल्या फोनची काच पदरानं पुसत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून ती आमच्याबरोबर स्वयंपाकाला यायला लागली. ज्वारीच्या पिठाचा डबा उघडला तशी तिनं पीठ चिमटीत घेऊन वास घेतला आणि हसली. त्यांच्याकडंही ज्वारीच खातात, फक्त भाकरी थापत नाहीत, पीठ शिजवून घट्ट घाटा करतात आणि त्याच्यावर कालवण ओततात. त्या कालवणात शेंगदाण्याचा कूटसुद्धा असतो. सरांनी आधी नको म्हटलं, मग दोनदा मागून घेतलं. काम करता करता फोन तिच्या समोर पिठाच्या डब्यावर ठेवलेला असायचा. आम्ही कुणी त्याबद्दल विचारत नव्हतो.

बहिणीचा आवाज आला तो बऱ्याच आठवड्यांनी. भात शिजत असताना फोन किणकिणला आणि तिनं ओल्या हातानंच तो उचलला. बहीण जिवंत होती, वाळवंटातून इजिप्तमध्ये पोचली होती. गल्ली रिकामी झाली म्हणून स्वयंपाकघर बंद झालं होतं. तिनं आवाजात रेकॉर्ड करून पाठवलेला निरोप अरबीत होता, पण ती तो पुन्हा पुन्हा लावत होती आणि आम्ही सगळे उभं राहून ऐकत होतो. भात खाली लागला. त्या दिवशी सगळ्या डब्यांत करपट भात गेला आणि कुणाचीही तक्रार आली नाही.

युद्ध थांबल्याचं काही मी ऐकलेलं नाही. तिच्या नवऱ्याला विद्यापीठाजवळ एका प्रयोगशाळेत काम मिळालंय, त्यांची चूल आता घरीच पेटते. तरी ती रोज येते. परवा ओटा पुसताना तिनं विचारलं, तुमची अम्मा असती तर मला तिच्या स्वयंपाकघरात येऊ दिलं असतं का? आधीच्या खोलीच्या मालकिणीनं तिला स्वयंपाकघराला हात लावू दिला नव्हता, म्हणून विचारत होती. आई, तू शेकडो पोरांना जेवू घातलंस, पण तुझ्या चुलीपाशी मी आणि तू सोडून कुणी आलेलं मला आठवत नाही. माझ्या मैत्रिणींनाही तू दारातूनच पाणी द्यायचीस. कुणाला जातीसाठी, कुणाला धर्मासाठी, की तुला चुलीपाशी गर्दीच नको होती, हे मी तुला कधी विचारलं नाही आणि आता हे पत्र पाठवायला पत्ताही नाही.

तरी मी तिला सांगितलं, हो, हाताला धरून आत नेलं असतं.