कुनसुलूचा वाटा

अल्माटी, १७ मे २०१२

प्रिय कुनसुलू,

अराल्स्कहून परतून तीन आठवडे झाले आणि मी तुला एक ओळही कळवली नाही, त्याबद्दल माफ कर. तू दोनदा फोन केलास, दोन्ही वेळा मी मीटिंगमध्ये असल्याचं सांगितलं. त्यातली एकच मीटिंग खरी होती. तू विचारलं होतंस एवढंच, की सासूच्या त्या दारात तुला आता उभं राहता येईल का, की तोलेगेन गेला, त्याच्याबरोबर तेही संपलं. आणि अट घातली होतीस की बाहेरूनच कानोसा घे, आत जाऊ नकोस. मी आत गेले. फोनवर एवढं ऐकूनच तू फोन ठेवला असतास, म्हणून लिहिते आहे.

समुद्रावरची परिषद जुन्या बंदराजवळच्या सभागृहात होती. मी उत्तरेकडच्या पाण्यातल्या मिठाचे आकडे वाचले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या आकड्यांना होत्या की वेळेत संपवल्याला, ते सांगता येणार नाही. जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळे धक्क्यावर उभे होतो. खाली क्रेनच्या पायाशी गाई चरत होत्या. आमचा ड्रायव्हर सपार म्हणाला, "एवढे साहेब जमलात, समुद्राला आमंत्रण द्यायचं राहिलं वाटतं!" सगळे हसले, मीही हसले. मग मनात आलं, समुद्र आटला म्हणून तर मला पगार मिळतो, मी कोणत्या तोंडाने हसते आहे?

घर बाहेरून बघायचं म्हणून मी सपारला रोज त्या गल्लीतून गाडी न्यायला सांगत होते. तिसऱ्या दिवशी त्याने गाडी थांबवलीच. या घरात तुमचं कोण, म्हणून विचारलं. मी खरं ते सांगितलं, की तोलेगेनची बायको माझी कॉलेजची मैत्रीण. तो म्हणाला, "म्हणजे फेब्रुवारीत या घरचा माणूस गोठलेल्या पाण्यावरचा बर्फ फुटून गाडीसकट बुडाला, तुम्ही रोज दारावरून जाताय, आणि अजून भेटायला गेला नाहीत? ताई, शिकलेल्यांचं असं असतं का? उतरा. लोक मला शिव्या घालतील." आपल्यात दुखवट्याला उशीर चालतो, टाळणं चालत नाही. हे तुला मी सांगायला नको. मी उतरले. तुझी अट मोडताना मला वाईट वाटलं की बरं वाटलं, ते मी त्या रात्री डायरीत लिहायला बसले आणि पान कोरंच ठेवलं.

तुझ्या सासूबाईंनी, उलबोसिन आपांनी, मला मिठीत घेतलं. मी रडले. त्या रडल्या नाहीत, माझी पाठ थोपटत राहिल्या, जणू माझ्याच घरचं कोणी गेलं होतं. शेजारच्या म्हाताऱ्याने कुराणातलं म्हटलं, आम्ही तोंडावरून हात फिरवले. धाकटी सून रायखान चहा ओतत होती. तू ते घर सोडल्यानंतर ती तिथे आली, म्हणून तू तिला पाहिलेलं नाहीस. हाताने भराभर आणि जिभेने त्याहून. पाहुणी न सांगता आली म्हणून तिने घाईघाईत फ्रीजरमधून मिळेल ते काढलं आणि शिजवायला टाकलं.

ताट पुढे आलं आणि आपांचा चेहरा बदलला. "हे कुठलं काढलंस?" "तळाचं. फडक्यात बांधलेलं." "अगं, ते कुनसुलूचं!" माझा पहिला घास तोंडात होता. डिसेंबरात घोडं कापलं तेव्हा छातीचा तुकडा, सुनेचा वाटा, त्यांनी तुझ्या नावाने बाजूला ठेवला होता. दरवर्षी ठेवतात, हे रायखाननेच सांगितलं, पण कसं! "नऊ वर्षं ठेवतायत! उन्हाळा लागला की शेजारी खातात आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा फडकं. नवऱ्याला माती द्यायला जी आली नाही, ती काय मांस खायला येणारे, आपा?" आपा म्हणाल्या, "तुझा वाटा कोणी खाल्लाय का? नाही ना? मग गप बस."

मी ताट सरकवलं. आपांनी ते परत माझ्यापुढे ढकललं. "तोंडातलं गीळ पोरी, थुंकायचं नसतं. बाकीचं राहू दे." राहिलेला शिजलेला तुकडा त्यांनी त्याच फडक्यात बांधला आणि पुन्हा फ्रीजरमध्ये ठेवला. मला वाटलं, आता हे तुला सांगता येईल, काम झालं. पण दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा माझं मनगट धरून म्हणाल्या, "तिला यातलं काही बोलू नकोस. बोलावलं म्हणून आली तर पाहुणी. आपण होऊन आली तर सून."

तीन आठवडे मी याच्याशीच झगडते आहे. सांगितलं तर तुझं येणं मी बिघडवते. नाही सांगितलं तर तू येणारच नाहीस, कारण ते दार बंद आहे असं तू धरून चालली आहेस. म्हातारीचा शब्द पाळणं हा माझा प्रामाणिकपणा, की जबाबदारी टाळायची सोय? हा प्रश्न मी अनेक प्रकारे मांडून पाहिला. दर वेळी उत्तर मला सोयीचंच आलं, म्हणून मी त्यावर विश्वास ठेवला नाही.

काल संध्याकाळी रायखानचा फोन आला. नंबर सपारकडून मिळवला म्हणाली. आधी मला झापलं, की पोहोचल्याचं कळवायची रीत अल्माटीत नाही का. मग आवाज खाली करून म्हणाली, "ताई, म्हातारी अजून रडलेली नाही. मुलगा गेला त्या दिवशी नाही, चाळिसाव्या दिवशीच्या जेवणाला नाही. बायका गळ्यात पडतात, ही त्यांचेच डोळे पुसते. मी एकदा म्हटलं, आपा, माझ्याजवळ रडा. तर म्हणते कशी, तू त्याची बायको कुठे होतीस? मग मी काय करू? घरात एवढं न रडलेलं माणूस घेऊन कसं राहायचं? तुमच्या त्या मैत्रिणीला सांगा. आणि मी सांगितलं म्हणून सांगू नका." मी हो म्हटलं. आता दोघींनाही दिलेला शब्द मोडते आहे. मी तुला बोलावत नाही, कुनसुलू. तो अधिकार माझा नाही, आणि ज्यांचा आहे त्या बोलावणार नाहीत. त्या घरात कोणाला तुझी माफी हवी आहे, असंही मला दिसलं नाही. एका बाईला तिच्या मुलासाठी रडायचं आहे आणि त्यासाठी लागणारं माणूस अक्त्योबेत, शाळेत गणित शिकवतं आहे, एवढंच मला माहीत झालं आहे. ते माझ्याजवळ ठेवून घ्यायचा मला हक्क नाही.

तुझीच,
अक्साउले

(डायरीतली नोंद) उद्या : कामावर जायच्या आधी हे पत्र पोस्टात टाकणे.