दार न उघडल्याबद्दलचा खुलासा

प्रिय टॉर्क्विलदादा,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. तुझा खोकला कसा आहे? छाती शेकतोस ना? मोजे वाळले का? हे विचारायला मला तोंड नाही हे ठाऊक आहे, पण हॉगमनेच्या, म्हणजे वर्ष सरायच्या रात्री ज्याला आपण ओल्या बर्फात दाराबाहेर ताटकळत ठेवलं, त्याच्या तब्येतीची चौकशी नाही करायची तर कुणाच्या? इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायचा प्रघात आहे म्हणून लिहिते. प्रत्यक्षात आम्ही त्या रात्रीपासून घरात कोंडून बसलो आहोत आणि त्याला कारण तू आहेस. (किंवा मी. किंवा मॉर्वेन. ते पुढे येईलच.)

तुझा फोन बंद लागतो, तेव्हा हे पत्र शेजारच्या फर्गसच्या हाती पाठवते. मी खिडकीतून सोडणार, तो खालून झेलणार. त्याचे केस लाल, म्हणजे अपशकुनी, त्यामुळे त्याने दाराच्या जवळपास फिरकायचं नाही, असा आईचा हुकूम आहे. रागाने फाडून टाकण्याआधी एवढं मात्र वाच, दादा. दाराआडून तू जे ऐकलंस ते तुझ्यासाठी नव्हतं.

पहिल्यापासून सांगते. गेल्या हॉगमनेला तुझं आणि आईचं भांडण झालं, ते काळ्या बनवरून, तिच्या त्या सुक्या मेव्याच्या केकवरून झालं असं तुम्ही दोघंही जगाला सांगता. (तू म्हणालास, बन कोरडा झालाय. आई म्हणाली, ज्याला माझा बन कोरडा लागतो त्याने माझा उंबरा ओलांडू नये.) बनचं नुसतं निमित्त. बाबांची बोट तू आईला न विचारता मोडीत काढलीस, ते तिच्या पचनी पडलं नव्हतं. तू बाराची घंटा व्हायच्या आत तरातरा निघून गेलास, आणि तुझ्याबरोबर या घरातला काळ्या केसांचा एकुलता एक उंच पुरुषही गेला. बारानंतर उंबऱ्यात पहिलं पाऊल अशाच पुरुषाचं पडलं तर साल धड जातं, हे आईचं पक्कं. मग वर्षाचं पहिलं पाऊल कुणाचं पडलं, तर मीटर वाचायला आलेल्या बाईचं. पुढे वर्षभर काय काय झालं ते तू ऐकलंच असशील. आईचा खुबा मोडला, तुझ्या मेहुण्याची, डूगलची नोकरी गेली आणि कोंबड्या तर एका रात्रीत कोल्ह्याने नेल्या.

यंदा आईने आधीच सांगून टाकलं होतं, "धड माणसाचं पाऊल पडलं नाही तर पुढल्या सालापासून हॉगमने बंद. कुणी यायचं नाही, कुणी गायचं नाही. मी आठालाच दिवा घालवून झोपणार." ती हे भांडी घासता घासता म्हणाली, आवाज न चढवता. तुला माहीत आहे, आवाज चढवून बोललेलं ती विसरते, असं बोललेलं विसरत नाही. म्हणून मी तुला चोरून निरोप धाडला. तुझं उत्तर आलं नाही, मी आशा सोडली. (काही न कळवता येऊन उभं राहायचं ही बाबांची खोड. ती तुझ्यात उतरली असेल हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.)

आता मॉर्वेनकडे येते. तुझी भाची ॲबरडीनला शिकते म्हणजे काय करते हे मला आजवर कळलं नव्हतं. यंदा ती पिशवीभर फासे घेऊन आली तेव्हा कळलं. तो सोंगांचा खेळ असतो. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. "आजी नुसती दाराकडे बघत बसते, आई, मला बघवत नाही," असं म्हणाली, म्हणून मी गप्प बसले. आई आधी फणकारली, "हॉगमनेला पत्ते असतात आणि गाणी असतात, बाकी थेरं नसतात." मग चुलीतली राख बाहेर गेली, केर काढून झाला, आल्याच्या वाइनचा पेला हातात आला, आणि तिने हळूच विचारलं, "त्यातल्या किल्ल्याचं दार कोण सांभाळतं?" झाली द्वारपाल. आर्चीमामा चोर झाला आणि त्याने पहिल्याच फाशात डूगलची जादूची काठी लांबवली. (डूगल अजून त्याच्याशी नीट बोलत नाही.) मला एका चेटकिणीने शिळा करून टाकलं. मॉर्वेनने बजावलं, "आई, तू आता दगड. तुझी पाळी येईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही."

गोष्ट अशी होती की किल्ला बर्फात अडकलाय आणि बाहेर एक भूत फिरतंय. ते घरच्या माणसांचे आवाज काढतं, दार वाजवतं, आणि उघडलं की सगळ्यांना खाऊन टाकतं. मॉर्वेनने फोनवर वाऱ्याचे आणि लांडग्यांचे आवाज लावून ठेवले होते. आई खुर्चीच्या टोकाला आली होती, गुडघ्यावर मूठ आणि मुठीत फासा. बारा वाजत आले तेव्हा जुनं वर्ष बाहेर सोडायला मागचं दार उघडायला हवं, म्हणून मॉर्वेन तिकडे गेली. जाताना म्हणून गेली, "मी नसताना दारावर काही झालं तर तुमचं तुम्ही ठरवा."

घंटा वाजली, आणि दार वाजलं.

आम्ही सगळे एकमेकांकडे कौतुकाने बघायला लागलो. पोरीने काय बेमालूम जमवलंय, असं. मग तुझा आवाज आला, "आई, मी आहे. उघड." आर्चीमामा पुटपुटला, "अगदी टॉर्क्विल. कसं काय केलं असेल?" आई उठली, काठी टेकत दारापर्यंत गेली. दादा, तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, बाई सोंगात रंगली. तिने तिथल्या बाकावर फासा टाकला. वीस आले. वीसच्या वर काही नसतं. आणि ती मोठ्यांदा म्हणाली, "आवाज माझ्या मुलाचा काढतोस? माझा मुलगा मला सोडून गेला. तो परत यायचा नाही. गोठून मर तिथेच."

डूगलने टाळ्या वाजवल्या. मग तू खोकलास. तो खोकला मी लहानपणापासून भिंतीपलीकडून ऐकत आलेय, तो कुठल्या फोनला यायचा नाही.  आणि मी काय केलं? काही नाही. मी दगड होते. (आयुष्यभर नियम पाळत आले, आणि नको तिथे पाळला.) तेवढ्यात मॉर्वेन परत आली आणि म्हणाली, "थांबलात का? खेळा ना. फोन तर मघाशीच बंद पडलाय."

 मी खिडकी उघडून तुझ्या नावाने ओरडले तोवर तुझी गाडी वळणावर दिसेनाशी झाली होती. पहिल्या पावलाने शकुनाचा म्हणून आणायचा कोळसा आणि बिस्किटांचा पुडा पायरीवर होता. व्हिस्कीची बाटली तेवढी तू परत नेलीस, ते मी समजू शकते. मी दार उघडायला धावले तर आईने काठी आडवी घातली. "पहिलं पाऊल आत आल्याशिवाय या घरातून कुणी बाहेर जायचं नाही." एवढं बोलून तिने खुर्ची दारासमोर ओढली आणि बसली. तेव्हापासून तिथेच आहे. फासा तिच्या एप्रनच्या खिशात आहे आणि ती तो आतल्या आत फिरवत असते.

आता आमचे हाल ऐक. दूध संपलं. बीफ पाई संपली, फक्त एक मोठा तुकडा आईने झाकून ठेवलाय आणि त्याला हात लावायची कुणाची छाती नाही. डूगल म्हणाला, मी बाहेर जाऊन आत येतो, मी पुरुष आहे. आईने त्याच्या टकलाकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठल्या रंगाचा?" फर्गसचा काळा बोका उंबऱ्याशी आला तेव्हा आर्चीमामाने फार आशेने दार किलकिलं केलं; आईने बोक्यालाही परत पाठवलं. खिडकीतून आलेला माणूस धरायचा का, यावर डूगल आणि मामा सकाळपासून वाद घालताहेत. मला हसू येतं, आणि मग आईच्या पाठीकडे लक्ष गेलं की येत नाही. मी हे पत्र तिच्या नकळत, स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. तुझ्यावर कसलाही दबाव नाही. मला फक्त खुलासा करायचा होता.

तुझी बहीण,
इश्बेल

ता. क. खुलासा वगैरे ठीक आहे, दादा, पण तू ये. येताना दूध आण, आणि मामाची रक्तदाबाची औषधं. केस पिकले असतील तर टोपी घालून ये आणि आत आल्यावरच काढ.

ता. क. २. पत्र घडी करायला घेतलं तर आईने मागे न वळता हात पुढे केला आणि पेन मागितलं. खालचं अक्षर तिचं.

बन कोरडाच होता. बोटीबद्दल मला तुझ्याशी भांडायचं आहे, पण आत बसून. कोळसा पायरीवरच आहे, भिजलाय. पुसून आण. कडी काढून ठेवली आहे.