शंभर वर्षं टिकणारा कोट

३ फेब्रुवारी, सोमवार
आज भाजलेले दाणे मारून घरातल्या राक्षसाला हाकलायचा दिवस. राक्षसाचा मुखवटा नेहमीप्रमाणे मीच घातला. बायकोने, किनुएने, या वर्षी दाणे फारच जोरात मारले. एक डोळ्याजवळ लागला. मी रागावलो नाही. मुखवटा भिंतीवर आपटून फोडला, पण तो प्लास्टिकचा होता.
संकल्प तीन. रागवायचं नाही. कापडाची चिंधीही वाया घालवायची नाही. कोट २२ तारखेच्या आत पूर्ण करायचा.
२२ ला आओयामातल्या प्रदर्शनासाठी कामं निवडणाऱ्या तोदोरोकीबाई वर्कशॉपवर येणार आहेत. त्यांना कोट आवडला तर वसंतात माझं नाव भिंतीवर. नाही आवडला तर त्रेपन्नाव्या वर्षी पुन्हा शाळांचे गणवेश. कोट किनुएच्या मापाचा आहे, त्यामुळे तो त्या दिवशी तिनेच घालायचा.

५ फेब्रुवारी
सासूबाईंनी मरताना किनुएला किमोनोच्या कापडाचा अख्खा तागा दिला होता. बारा मीटर. वीस वर्षं कपाटात पडून होता. मी काढला. याला म्हणतात सस्टेनेबल.
डिझाइन असं: कापायचं नाही, शिवायचं नाही. कापड बांबूच्या कामट्यांवर पिळून उभं करायचं, खांदा लाटेसारखा डोक्याच्या वर जाईल. सगळे जोड उरुशीच्या, म्हणजे लाखेच्या झाडाच्या, कच्च्या चिकाने चिकटवायचे. शंभर वर्षं हलणार नाहीत.
किनुए म्हणाली, किमोनोची शिलाई मुद्दाम सैल घालतात. उसवायचा, धुवायचा, परत शिवायचा. आईचा असाच माझ्याकडे आला. हा धुवायचा कसा?
मी म्हटलं, कला धूत नाहीत.
ती म्हणाली, पण आत मी असणार ना? मला घाम येतो.
मी रागावलो नाही. इस्त्री हातातून निसटली आणि दाराच्या दिशेने गेली. दाराला भोक पडलं. किनुए वाकली होती म्हणून वाचली. तिची चपळाई कौतुकास्पद.

८ फेब्रुवारी
पहिली ट्रायल. उजवा हात गेला. डावा जाईना. मी मदत केली. कट्ट असा आवाज आला. कामटी मोडली असं वाटून काळजाचं पाणी झालं. सगळ्या कामट्या तपासल्या. शाबूत. खांदा किनुएचा होता.
हाडवैद्याने तो जागेवर बसवला. कसं झालं, असं त्याने विचारलं. किनुए म्हणाली, न्हाणीत पडले. किती निष्ठा!
बाही दोन बोटं मोठी हवी का? नाही. कोट बरोबर आहे. हाताला सवय लागेल.

११ फेब्रुवारी, सुट्टी
उरुशी वाळत नाही. तीन दिवस रॉकेलचा स्टोव्ह कोटाजवळ लावून ठेवला आहे. खोलीची भट्टी झाली, पण जोड अजून चिकट.
किनुएचं माहेर आइझूचं, तीन पिढ्या उरुशीचं काम. ती म्हणाली, स्टोव्ह बंद करा. उरुशीला ओल लागते. लाकडी पेटीत ओली फडकी घालून ठेवा.
वाळवण्यासाठी ओली फडकी! मी पोट धरून हसलो. ती म्हणाली, आमच्याकडे चार वर्षांच्या पोराला हे कळतं.
मी रागावलो नाही. लाकडी हातोडा घेऊन कपडे चढवायच्या पुतळ्याशी बोललो. मान तुटून मुंडकं उडालं ते किनुएच्या गुडघ्यावर बसलं. नेम तिच्यावर नव्हता. तिने मध्ये उभं राहायलाच नको होतं.

१३ फेब्रुवारी
दुसरी ट्रायल. उरुशी बाधून किनुएचे कान आणि मान भोपळ्यासारखी सुजलेली, डोळ्यांच्या फटी. तरी निमूट आत शिरली. कोट दिमाखदार दिसला. सुजेमुळे कॉलर भरून येते, ही नवी माहिती.
ती म्हणाली, काढा.
म्हटलं, पाच मिनिटं, फोटो घेतो.
म्हणाली, अहो, काढा.
कॉलर मानेला चिकटली होती. मी एका झटक्यात ओढली, हळू ओढण्यापेक्षा बरं. थोडी कातडी आली. जोडाला ओरखडा नाही.
 

१४ फेब्रुवारी
किनुए घरात नाही. चिठ्ठी: कुकरमध्ये भात आहे.
आज बायका नवऱ्यांना चॉकलेट देतात. तेही नाही. आइझूला गेली असणार. रविवारपर्यंत येईल. तिला जायला दुसरी जागा आहे कुठे?

१६ फेब्रुवारी, रविवार
दुपारी बेल. म्हटलं, आली.
तिचा थोरला भाऊ, गिसुके. कमरेत वाकून नमस्कार केला. बूट काढले, दाराकडे तोंड करून नीट लावले. मग आत येऊन माझ्या जबड्यावर ठोसा मारला. म्हणाला, जावईबापू, हा खांद्याचा. दुसरा मारला. हा मानेचा.
दात एक पडला. पाहुणा म्हणून मी चहा केला. तो प्यायला. कोटाला बोट लावून म्हणाला, अरे गाढवा, स्टोव्हने उरुशी वाळवतोस? हा कोट उन्हाळ्यापर्यंत असाच राहील. मग कापड हातात धरून बघत बसला. हे आईचं ना, म्हणाला. तिसरा ठोसा काही न सांगता मारला.
एकंदरीत तांत्रिक चर्चा उपयुक्त झाली. ओली फडकी लावली नाहीत. दबावाखाली मी काम करत नाही.

१९ फेब्रुवारी
किनुएला पत्र. सुरुवात रीतसर हवामानाने: थंडी अजून आहे, पण प्लमला कळ्या आल्या. पान दोन ते चार कोटाबद्दल. शेवटी लिहिलं, मी तुला माफ केलं आहे. २२ ला साडेदहाला ये.
वाचून रडेल.

२१ फेब्रुवारी
उत्तर नाही. निर्णय: कोट मीच घालणार. कलावंताने आपल्या कृतीत राहायला हवं. माझे खांदे किनुएहून थोडेसेच रुंद आहेत.

२३ फेब्रुवारी, रविवार
काल लिहिता आलं नाही. हात वर होते.
डोकं आधी घातलं, मग दोन्ही हात एकदम. तीन कामट्या मोडल्या. एक बरगडीत घुसली, एकीने कपाळ फाडलं. हात कानांना चिकटून वर राहिले. मान, काखा, पाठ, सगळं कच्च्या उरुशीत. बसता येईना.
अकराच्या ठोक्याला तोदोरोकीबाई आल्या. भोवती तीन फेऱ्या मारल्या. मी कॉलरच्या आतून सस्टेनेबल डिझाइन समजावलं. त्यांनी विचारलं, हा उतरवतात कसा?
मी म्हटलं, उतरवत नाहीत. तीच तर कल्पना.
त्या म्हणाल्या, सुगिमोरीसान, तुमच्या डोळ्यात रक्त चाललंय. रुमाल पुढे केला, पण माझे हात वर, म्हणून खांद्याच्या लाटेवर ठेवला. मग नमस्काराला फार खाली वाकल्या आणि गेल्या. इतकं खाली नकार देताना वाकतात.
नाकाने फोन लावला. किनुए म्हणाली, येते. आइझूहून साडेतीन तास. उभा होतो.
ती आली. गिसुके खाली गाडीत. तिच्या मानेला अजून पट्टी. तिने खाण्याच्या तेलाची बाटली आणली होती, उरुशी तेलाने सुटते. माझ्या मानेला, कानामागे तेल चोळलं. हात इतका हलका की मला वाटलं, झालं, मिटलं. म्हटलं, परत येशील तेव्हा बाही दोन बोटं मोठी करू.
तिचा हात थांबला. मग तिने कात्री काढली आणि खालपासून वर आईचं कापड कापत नेलं. मी ओरडलो, कापड नको, वाटल्यास मला काप! ती म्हणाली, हलू नका, लागेल.
अकरा तुकडे झाले. तिने ते घडी करून गाठोड्यात बांधले. चिंधीसुद्धा मागे ठेवली नाही.
मी विचारलं, कधी येशील?
बूट घालता घालता म्हणाली, तेल बाटलीत उरलंय. उद्या पाठीला लावा. खूप सुजेल.
दार तिने हळूच लावलं.

२४ फेब्रुवारी
पाठ खूप सुजली आहे. तेल घेतलं. हात पोचत नाही.