पिचरशी कोणी बोलायचं नसतं

१ एप्रिल, मंगळवार
सीझन सुरू होऊन आठवडाच झालाय आणि आज बापट भाऊजींशी कडाक्याचं भांडण. आमचा मुलगा अनिकेत अमेरिकेत ज्या गावी राहतो, तिथली बेसबॉलची टीम म्हणजे आपली टीम. आपला डावखुरा पिचर चेंडू टाकतोय, पाच इनिंग झाल्या तरी समोरच्यांना एकही हिट दिलेली नाही, एकालाही चेंडू मारून बेस गाठता आलेला नाही. अशा वेळी त्याच्याशी कोणी बोलायचं नसतं. शेजारी बसायचं नसतं. जे चाललंय त्याचं नावसुद्धा घ्यायचं नसतं. कुठे लिहिलेलं नाही, पण पाळतात सगळे. कॉलेजात सॉफ्टबॉल खेळायचो तेव्हा आम्हीही पाळायचो. आणि हे महाशय पोहे खाता खाता म्हणतात, "वहिनी, अजून एकसुद्धा हिट नाही हं!" पुढच्याच चेंडूला हिट. मी हातातली बशी काढून घेतली.

वर मॅनेजरने लगेच पिचर बदलला. भाऊजी म्हणे बरोबर केलं, सुरुवातीला हात जपायचा असतो, सीझन ऑक्टोबरपर्यंत आहे. डोंबलाचा हात! रंगात आलेल्या माणसाला असं उठवतात का?

हे खुर्चीत. दिवाळीत अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून तोंडातून एक अक्षर नाही. अनिने अमेरिकेतून मॅचचं जोडून दिलं ते ह्यांच्यासाठीच. सकाळी मॅच असली की मान ताठ राहते. बाकी दिवसभर कुठे बघतात, देवाला ठाऊक.

३ एप्रिल, गुरुवार
बोलले! बोलले!!

चौथी इनिंग. पिचर छान टाकत होता. हे एकदम स्पष्ट म्हणाले, "बास." माझ्या हातून मेथीचं ताट पडलं. तिकडे मॅनेजर अजून बाकावर शेंगदाण्यासारखं काहीतरी चावत बसलेला. मग उठला, मैदानात गेला आणि पिचरच्या हातून चेंडू घेतला, म्हणजे त्याला काढलं. पण तेव्हा तिकडे कोण बघतंय! मी ह्यांच्या पायाशी बसून रडले. भाऊजी चष्मा पुसत म्हणाले, "साहेब वापस आ गए." वीज मंडळात सगळी नोकरी ह्यांच्या हाताखाली केली त्यांनी.

संध्याकाळी चिंतामणच्या देवळात नारळ फोडला. अनिला फोन. तोही रडला.

५ एप्रिल, शनिवार
बोलणं शिकवायला फ्रीगंजहून मुलगी येते. पाणी म्हणा, आई म्हणा. काही नाही. फक्त मॅचमध्ये, फक्त "बास".

आज दुसऱ्याच इनिंगला म्हणाले. भाऊजी हसले, "चूक साहेब! पोरगा ताजातवाना आहे, आत्ता कशाला काढायचा?" त्या पोराने पुढचा चेंडू टाकला, कोपर धरलं आणि तिथेच खाली बसला.

भाऊजींनी कप खाली ठेवला. आवाज ह्यांचाच आहे, पण तऱ्हा ह्यांची नाही. मास्तर हजेरी घेतात तसं म्हणतात. आनंद व्हायला हवा ना मला? होतोय. पण

६ एप्रिल, रविवार
भाऊजींची परीक्षा. म्हणे टीव्हीवर चित्र उशिरा येतं, फोनवर आधी कळतं, साहेबांच्या कानावर काहीतरी पडत असणार. दोघांचे फोन बंद करून मी गव्हाच्या पिंपात टाकले. आवाजही बंद. तरी दोनदा म्हणाले, दोन्ही वेळा मॅनेजर नंतर उठला. मग कालचीच मॅच परत लावली. पूर्ण मॅच, एक शब्द नाही. झोपून गेले. झालेलं त्यांना नको असतं.

मध्येच आमचं दुसरं भांडण. आपली टीम नऊ रनांनी पुढे असताना एकाने बेस चोरला, पिचरची नजर चुकवून पुढच्या बेसवर पळाला. मी म्हटलं, हरलेल्याला असं चिडवत नाहीत. भाऊजी म्हणे, वहिनी, नियमात कुठे आहे दाखवा. त्यांना कायम लिहिलेलंच हवं. पण आज वाद रंगेना. दुसरा चहा न घेताच गेले, असं कधी होत नाही.

८ एप्रिल, मंगळवार
दुपारी. टीव्ही बंद. पोळ्या करणारी शांताबाई परात धुऊन, पदर खोचून निघाली. हे तिच्या पाठीकडे बघून म्हणाले, "बास."

मी मोठ्याने हसले. "अहो, मॅच नाही चालू." किती मोठ्याने हसले.

९ एप्रिल, बुधवार
शांताबाई आली नाही. फोन आला तिचाच. काल रात्री घरच्या जिन्यावरून पडली, खुब्याचं हाड गेलं. "ताई, अब मेरे से नहीं होगा, दुसरी बघून घ्या." जिवंत आहे, बोलतेय. देवाची कृपा.

पोळ्या मी केल्या. करपल्या सगळ्या. ह्यांना भरवताना त्यांच्याकडे बघवलं नाही. चाळीस वर्षं ज्याच्याशी संसार केला त्या माणसाची भीती वाटावी? लाज वाटते लिहायला.

११ एप्रिल, शुक्रवार
आज हरलो. मॅच संपली, टीव्ही बंद केला. भाऊजी दारात चपला घालायला वाकले. भिंतीला हात टेकून जरा थांबले, हल्ली धाप लागते त्यांना. मग जिना उतरले. खाली स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला आणि हे त्या रिकाम्या दाराकडे बघत म्हणाले, "बास."

मी एकटीनेच ऐकलं.

इंदूरच्या डॉक्टरांनी संक्रांतीलाच बायपास सांगितलीय भाऊजींना. मी विचारलं की ठरलेलं उत्तर, "सीझन होऊ दे वहिनी, मग बघू." बायको गेली, मुलगी मृणाल पुण्यात. घरात बोलायला कोण? सकाळची आमच्याकडची खुर्ची, तेवढंच.

१२ एप्रिल, शनिवार
सांगितलं नाही. रात्रभर हेच. बोलायचं नसतं, मीच तर तावातावाने शिकवलं. नाव घेतलं आणि पुढच्या चेंडूला हिट पडली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सांगितलं आणि त्याच क्षणी काही झालं तर? नाही सांगितलं आणि झालं तर?

भाऊजी आले, पोह्यांवर शेव जास्त मागितली. आपला डावखुराच टाकत होता. म्हणतात कसे, "तुमचंच खरं वहिनी. चाललंय तोवर टाकू द्यावं माणसाला. उगाच काय काढायचं मध्येच?" मी स्वयंपाकघरात जाऊन मिक्सर लावला आणि रडून घेतलं. मिक्सरमध्ये काहीही नव्हतं.

१३ एप्रिल, रविवार
सांगून टाकलं. जिन्यात, ते उतरत असताना.

एक पायरी खाली गेलेले, तिथेच उभे राहिले. मग म्हणाले, "तुम्हीच म्हणता ना, बोलायचं नसतं?"
"तुम्ही पिचर नाही भाऊजी! बापट आहात तुम्ही. आजच्या आज इंदूरला जा."
चिडले. "साहेब काढणार मला? ऑफिसात कधी ऐकलं का मी त्यांचं?" खाली स्कूटरला किल्ली लागेना. मला वाटलं इथेच पडतात. नाही पडले. गेले.

वर आले तर हे माझ्याकडे बघत होते. मी भांडले त्यांच्याशी. अहो, तुम्हाला दिसतं म्हणून म्हणता, की तुम्ही म्हणता म्हणून होतं? सांगा एकदा! डोळ्यांत पाणी होतं. त्यांच्या की माझ्या, मला तेव्हा कळलंच नाही.

१५ एप्रिल, मंगळवार
काल, आज भाऊजी आले नाहीत. फोन बंद. दुपारी मृणालचा फोन इंदूरहून. भाऊजी स्वतः जाऊन भरती झाले! डॉक्टर म्हणाले, आणखी थांबले असते तर काही खरं नव्हतं. गुरुवारी सकाळी ऑपरेशन.

म्हणजे बरं केलं ना मी? मृणालला विचारलं, डॉक्टर काय म्हणतात. ती म्हणाली, "काकू, नीट होईल म्हणतात, पण वय आहे." मग म्हणाली, बाबांनी निरोप दिलाय, मॅच चुकवू नका, शुद्धीवर आलो की स्कोअर विचारीन.

१७ एप्रिल, गुरुवार
सकाळी आठला भाऊजींना आत नेलं. इथे मॅच लावली. भाऊजींची खुर्ची बाजूला सरकवावीशी वाटली, पण हात लावला नाही.

पहिल्या इनिंगपासून हे टीव्हीकडे बघेनात. मान वळवून तिपाईवरच्या माझ्या फोनकडे. मी खुर्ची फिरवली तर परत मान तिकडेच. आवाज वाढवला. ह्यांना नावाने हाक मारली, आजवर कधी मारली नव्हती. चौथी इनिंग, पाचवी. मग ओठ एकमेकांवर आले.

मी धावत जाऊन तोंडावर हात दाबला. दिवाळीपासून ज्या तोंडातून एक शब्द यावा म्हणून नवस केले, त्याच तोंडावर. तळहाताखाली ओठ हलत होते. शब्द झाला की नाही, कळलं नाही. खूप वेळ तशीच उभी होते, मग मॅच संपल्याचं संगीत लागलं.

आता हे शांत झोपलेत. मृणालचा फोन अजून आलेला नाही.