चार बोटं आखूड

मी, या घराची मालकीण, गावच्या शाळेतली निवृत्त शिक्षिका, जिला आजवर सगळे नुसतं "बाई" म्हणत आले आहेत, आज पूर्ण शुद्धीवर, चष्मा पुसून, स्वतःच्या अक्षरात हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव टाकायला आलेला माणूस माझ्या दारातून कसा परत जातो हे गावाला ठाऊक आहे. डॉक्टरीणबाईंनी सकाळी मला तपासलं, वार विचारला, माझं वय विचारलं (ते त्यांना माहीत होतं), आणि म्हणाल्या, "डोकं ठणठणीत आहे बाई, गुडघ्यांचं काही सांगत नाही." मृत्युपत्र गुडघ्यांनी लिहायचं नसतं, तेव्हा पुढे जाते.

याआधी मी केलेलं मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे. ते मी रागात केलं होतं. कोणाला काय द्यायचं यापेक्षा कोणाला दारात उभं करायचं नाही, हेच त्यात जास्त होतं. "माझ्या अंत्यविधीस हेडमास्तरांनी येऊ नये, आल्यास परत पाठवावे" असं एक आख्खं कलम होतं. वकील वाचून म्हणाले, "बाई, हे मृत्युपत्र आहे की तक्रारअर्ज?" मी म्हटलं, "दोन्ही." गेल्या आठवड्यात ते कागद मी फाडले, आणि फाडताना अगदी हायसं वाटलं. का, ते खाली येईल.

कलम पहिले : घर.

माझे राहते घर, परसातल्या न्हाणीसकट, माझ्या धाकट्या भावाच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला देत आहे. ती माझ्याशी रोज भांडते, पण औषधाची वेळ चुकवू देत नाही. तिने घर विकावे की राहावे हा तिचा प्रश्न. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या घराच्या एकाही चौकटीत बाजारातलं तयार दार किंवा खिडकी बसणार नाही. हे घर मी शाळेच्या मापाच्या काठीनं बांधून घेतलं आहे, आणि ती काठी आखूड आहे. गवंडी हात जोडून सांगत होता, "बाई, टेपनं घेऊ या हो." मी म्हटलं, "घर माझं, काठी माझी, तुम्ही विटा लावा." हा हट्ट का, ते भाचीला लहानपणापासून अर्धवट माहीत आहे. आता पूर्ण लिहून ठेवते.

मी या शाळेत आले तेव्हा शाळा म्हणजे एक लांबट खोली आणि गळकं छप्पर. वरचे वर्ग हेडमास्तरांकडे, खालचे माझ्याकडे. मुलांना बसवून बसवून मलाच कंटाळा यायला लागला, म्हणून मी कामाचा तास सुरू केला. आधी फळा उभा करायला लाकडी घोडा केला. मग हात धुवायचा ओटा बांधला. त्याचा उतार आम्ही उलटा काढला आणि सगळं पाणी थेट हेडमास्तरांच्या वर्गात गेलं. मग ओढ्यावर पायपूल केला. तो झाल्यावर हेडमास्तर म्हणाले, "छान आहे. आधी तुम्ही जा." मी गेले, परत आले, उड्या मारून दाखवल्या. मुलं टाळ्या पिटत होती. एवढं सुख मला नंतर पगारवाढीनंही दिलं नाही.

मापाची काठी पहिल्याच वर्षी मुलांनी केली होती. जमीन मोजायला एक माणूस आला होता, त्याच्या टेपला लावून घेतलेली, चांगल्या लाकडाची, दोन्ही टोकं निळ्या रंगात बुडवलेली. शाळेकडे टेप नव्हता. आमचं सगळं काठीवर चाले. "ओटा केवढा?" "दीड काठी, बाई!" अशी उत्तरं यायची.

मग आम्हाला वरून एका खोलीचं सामान मंजूर झालं. वासे, फळ्या, विटा, सगळं नकाशाप्रमाणे मोजून आलं. पाया आईबापांनी खणला, एक गवंडी देखरेखीला बसला, आणि बाकीचं मोठ्या मुलामुलींनी केलं. मापं सगळी काठीनं. खोली उभी राहिली तेव्हा मी आत जाऊन भिंतींवर हात फिरवत बसले होते.

नंतर तपासणीला वरचे साहेब आले, टेप घेऊन. त्यांनी खोली मोजली. पुन्हा मोजली. खोली नकाशापेक्षा हातभर आखूड भरली. सामान तर पुरतं आलं होतं, मग उरलेलं लाकूड गेलं कुठे? मी धावत जाऊन काठी आणली, टेपला लावली. चार बोटं कमी! मी म्हटलं, "बघा, काठीच आखूड आहे, कशी झाली देव जाणे." तेव्हा हेडमास्तर चार माणसांत म्हणाले, "काठी काय, कोणीही कापेल. कालही कापली असेल." आणि त्यांनी लाल शाईत शेरा मारला : "खोली मापात कमी. उरलेल्या लाकडाचा खुलासा नाही."

हेडमास्तरांना शेऱ्याशिवाय चैन पडत नसे. वहीवर शेरा, हजेरीवर शेरा. एकदा चहाच्या बशीखाली चिठ्ठी आली होती, "साखर कमी." पण हा शेरा माझ्या जिव्हारी लागला. गंमत अशी की तो लिहिताना ते ज्या खुर्चीवर बसले होते, ती मुलांनी वाशांच्या कापलेल्या टोकांचीच केली होती, खास त्यांच्यासाठी. मी बोट दाखवून म्हटलं, "लाकूड तुमच्या खाली आहे." ते म्हणाले, "ही भंगारातली आहे." काठीच खोटी ठरल्यावर खुर्चीचं कोण ऐकणार!

नोकरी गेली नाही. कामाचा तास मात्र गेला, आणि हत्यारं कपाटात कुलूपबंद झाली. काठी मी घरी आणली, आणि ती खोटी नव्हती हे दाखवायला तिच्याच मापानं घर बांधलं, तेव्हा दुकानात कोणीतरी म्हणालंच, "बाईंच्या घराला लाकूड झकास लागलंय हो." ते मी सहन केलं. पण माझा भाऊ एकदा समोर बसून म्हणाला, "ताई, रागावू नकोस, पण खरं सांग, थोडंफार काही आणलं होतंस का?" मी त्याच्यापुढचा कप उचलून आत गेले आणि वर्षभर त्याच्याशी बोलले नाही. आयुष्यभर मला एकच हवं होतं. मी चोर नाही, हे कोणीतरी म्हणावं, आणि ज्यांनी शेरा मारला त्यांनीच म्हणावं.

आता करवतीबद्दल.

करवत हे नाव मीच वर्गातल्या एका मुलीला ठेवलं होतं, तिच्या आवाजावरून. वर्गात सगळ्यात चांगला हात तिचा चालायचा. खोलीच्या भिंती खिडकीपर्यंत आल्या आणि तिच्या वडिलांनी कामासाठी बिऱ्हाड लांब हलवलं. त्यामुळे साहेबांचा टेप तिनं पाहिलाच नाही. परवा शाळेला त्या खोलीचं दार रुंद करायचं होतं, कारण चाकाच्या खुर्चीतली एक मुलगी यंदा शाळेत आली आहे. कंत्राटदार म्हणून जी बाई गाडीतून उतरली, ती करवत! केस पांढरे, आवाज तोच. मी तर तिला आवाजावरूनच ओळखलं.

खोलीत फिरून ती म्हणाली, "बाई, ही मला लहान का वाटतेय?"

मी तिला सगळी हकीकत सांगितली. मी ती सगळ्यांनाच सांगते, कोणी विचारो न विचारो. ऐकता ऐकता ती उंबऱ्यावर मटकन बसली.

"बाई, काठी मी कापली."

"काय?"

"नवी करवत आली होती ना, ती चालते का बघायचं होतं. हाताशी काठीच होती. टोक खटकन खाली पडलं. तुम्ही ओरडाल म्हणून काठी रंगाच्या डब्यात बुडवली. तुकडा कितीतरी दिवस दप्तरात घेऊन फिरत होते."

"आणि मग?"

"गवंडीकाका जेवायला गेले तेव्हा भिंतीत सारला. वर मसाला थापला. बाई, मला वाटलं होतं चार बोटांनी काय होतंय!"

चार बोटांनी काय होतं ते मी तिला सांगणार होते, पण तिनं तेवढा वेळच दिला नाही. ती उठली, छिन्नी घेतली आणि खिडकीखाली मोजून एका विटेशी बसली. सगळी शाळा गोळा झाली. हेडमास्तर शाळेच्या शेजारीच राहतात, तेही हातातली काठी टेकत आले. वीट निघाली, मागची माती निघाली, आणि निळ्या टोकाचा तुकडा हातात आला. भाचीनं घरी धावत जाऊन काठी आणली. काठीच्या कापलेल्या बाजूला लाकडातली अर्धी गाठ होती, उरलेली अर्धी तुकड्यावर. दोन्ही जोडून धरलं आणि गाठ पुरी झाली. त्या तुकड्यावर विटांचे थर, थरांवर वासे, वाशांवर छप्पर. साहेब आल्यावर मी तो कापला असं आता कोणाच्या बापाला म्हणता आलं नसतं.

हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, लावला. वाकून पाहिलं. म्हणाले, "बसतंय की." मग जरा वेळानं, "चहा आहे का?"

एवढंच. मी वाट पाहत होते ते वाक्य आलं नाही. पण सांगते, त्या दिवशी मला त्याची घाईही वाटली नाही. करवत रडत होती. मी तिच्यावर रागवायचा मनापासून प्रयत्न केला, जमलं नाही. जीव असा भांड्यात पडला होता की पाय जमिनीवर ठरत नव्हते. शेवटी म्हटलं, "मूर्ख मुली, रंग तरी नीट लावायचास. एका बाजूनं ओघळ आलाय." त्यावर ती हसली आणि मग आम्ही दोघी चांगल्या हसलो. चहा झाला. साखर मी मुद्दाम जास्त घातली.

कलम दुसरे : हत्यारे.

रंधे, हातोड्या, गुण्या, ओळंबा, थाप्या आणि ती करवत (लोखंडी) शाळेला देत आहे. ही पदरमोड करून मी घेतलेली आहेत. ती कुलपात ठेवल्याचे आढळल्यास भाचीने परत आणावीत. माझी शिल्लक कामाच्या तासासाठी लाकूड, खिळे आणि बोटांना बांधायच्या पट्ट्या यांवर खर्च करावी. पट्ट्या भरपूर घ्याव्यात.

कलम तिसरे : रेडिओ.

भावाला. लहानपणापासून त्याचा त्यावर डोळा आहे. बातमी कळल्यावर त्याचा फोन आला. "ताई, मी विचारायलाच नको होतं गं," म्हणाला. बाबा रे, झालं ते झालं. बटण उजवीकडे जास्त पिळू नकोस, तुटेल.

कलम चौथे : काठी व तुकडा.

काठी करवतीला देत आहे. भाचीला कधी खिडकी बदलायची झालीच, तर तिला करवतीला बोलवावं लागेल, आणि तशीच माझी इच्छा आहे. शाळेचं नवं दार मात्र टेपनंच घ्यावं. चाकाच्या खुर्चीला माझ्या हट्टाशी काय देणंघेणं!

तुकडा काचेत घालून भिंतीवर लावू या, असं भाचीचं म्हणणं आहे. तसे करू नये. काठीला तो जोडूही नये, जोडला तर माझं आख्खं घर चुकीचं ठरेल. करवतीनं स्वतः तो होता त्याच जागी, त्याच विटेमागे परत घालावा आणि भोक बुजवावं. इतकी वर्षं मला पुरावा हवा होता. आता मला त्याचं काही काम नाही.

कलम पाचवे : खुर्ची.

वाशांच्या टोकांची खुर्ची हेडमास्तर निवृत्त झाले तेव्हा अडगळीत टाकली होती, ती मी उचलून आणली होती. ती त्यांनाच द्यायची होती. पण ते साक्षीदार व्हायला तयार झाले, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असं वकील म्हणाले. म्हणून ती कालच, माझ्या हयातीत, त्यांच्या ओट्यावर पोचवली आहे. अंत्यविधीलाही त्यांनी अवश्य यावे. गुडघे माझ्यासारखेच असल्याने बसायला खुर्ची सोबत आणावी.

साक्षीदारांनी खाली फक्त सही करावी. शेरे मारू नयेत.

वरील सर्व मी स्वखुशीने लिहिले, वाचले, आणि मला ते पसंत आहे.

ठिकाण : माझे घर, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक : भिंतीतून तुकडा निघाला त्यानंतरचा पहिला सोमवार.

(सही) बाई

साक्षीदार क्रमांक एक : बाईंनी माझ्यासमोर सही केली. शुद्धीवर आहेत.
(सही) डॉक्टरीणबाई

साक्षीदार क्रमांक दोन, लाल शाईत : बाईंनी माझ्यासमोर सही केली. काठी मापात कमी होती, बाई नव्हत्या. लाकडाचा खुलासा झाला. खुर्ची सोबत आणली आहे, त्या लाकडावरच बसून हे लिहीत आहे. शेऱ्याबद्दल क्षमा असावी, याही आणि त्याही.
(सही) निवृत्त हेडमास्तर