लेईदाबाई आल्या आणि मामंजी गेले

आपली वस्ती, म्हसवडपासून आत,
फाल्गुन सरता सरता

चि. मल्हार भावजींस,

तुमच्या मंगल वहिनीकडून भरपूर आशीर्वाद, जाऊबाईंना आणि पोरांना वेगळे. तिकडे सगळ्यांच्या तब्येती उत्तम असतील आणि तुमची कंबर (जी म्हणे फक्त बर्फ उपसायच्या दिवशीच धरते) सुटली असेल अशी आशा करते. इकडे आत्याबाई, म्हणजे तुमच्या मातोश्री, ठणठणीत आहेत. तुमचे थोरले बंधू जसे होते तसेच आहेत, त्याला माझा इलाज नाही. मेंढरं खुशाल. घरात एकूण माणसं किती, हे मात्र मला हल्ली नक्की सांगता येत नाही, आणि म्हणून हे पत्र. तुम्ही म्हणाल, एवढे फोन असताना वहिनी लिहीत कशाला बसल्या? फोनवर बोललं की आत्याबाई ऐकतात. त्यांच्याशिवाय आणखी कोण ऐकतं, ते पुढे येईलच.

तुमचं तिकडचं, परदेशातलं शहर आणि ते एस्टोनियातलं शहर यांचं जोडशहराचं नातं मला पहिल्यापासून आवडलं होतं. एक वर्ष त्यांनी तुमच्या घरी येऊन राहायचं, एक वर्ष तुम्ही त्यांच्याकडे जायचं, गाणी म्हणायची, एकमेकांचं गोडधोड खायचं. (आपल्या वस्तीचं आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीचं मी लग्न होऊन आल्यापासून बोलणं नाही, म्हणून मला जास्तच कौतुक.) गेल्या वर्षी त्या पाहुण्यांतल्या लेईदाबाई तुमच्याकडे उतरल्या, तुमच्या भिंतीवर आपल्या मेंढरांचा आणि घोंगडी घेतलेल्या आत्याबाईंचा फोटो बघून हट्ट धरून बसल्या की मला ही बाई भेटायची आहे, आणि तुम्ही बिनधास्त "जा की" म्हणालात. ऐंशीच्या घरातली बाई, पण काटक. स्वतःची मेंढरं, स्वतःची लोकर, हातात कायम विणकाम. तुम्ही माणूस चांगलंच पाठवलंत, तक्रार नाही. पण तुम्ही एक पाठवलंत, आणि आले दोघं.

आमची लेक प्रांजल पुण्याहून त्यांना सांगलीपर्यंत घेऊन आली आणि परीक्षा असल्यामुळे तिथे आपल्या हॉस्टेलवरच थांबली. पुढे सांगलीहून ह्यांनी जीपमधून आणलं. जीपचा एसी कधीचाच गेलाय, बाहेर ऊन असं की डांबर टायरला चिकटतंय, आणि हे घरी आल्या आल्या मला म्हणतात, "आज गाडी काय गार होती गं! लय मजा आली." विट्याला रसवंतीवर थांबले, तर रसवाल्याने न विचारता तीन ग्लास ठेवले. ह्यांनी तिसराही पिऊन टाकला आणि विषय संपवला. असा विचार न करणारा माणूस मी जन्मात दुसरा पाहिलेला नाही.

लेईदाबाई अंगणात उतरल्या, मी ओवाळलं, त्यांनी मला मिठी मारली, सगळं रीतसर झालं. आत्याबाई सोप्यात बसल्या होत्या. त्या पाहुणीकडे बघेचनात. तिच्या मागे, उंबऱ्याकडे बघत म्हणाल्या, "मंगल, ते पोरगं दारात कशापायी उभं केलंय? आत घे की त्याला."

मी म्हटलं, "कुठलं पोरगं, आत्याबाई?"

"आगं ह्या बाईसंगं आलंय ते. बारा-तेरा वर्साचं आसंल. काकडलंय बघ."

आता तुम्हाला माहीत आहे, तुमचे वडील वारल्यापासून आत्याबाई त्यांच्याशी रोज बोलतात. मामंजींची बाज सोप्यात अजून आहे, आणि दुपारी ती करकरते, हे मीही ऐकलंय. पहिल्या वर्षी मी घाबरले, मग सवय झाली. सासरा म्हटल्यावर कुठे ना कुठे करकरणारच. त्यामुळे हेही मी वयावर ढकललं आणि उंबऱ्यावरचं पाणी पुसायला गेले. भावजी, पाणी होतं तिथे. माणदेशात, फाल्गुनात, जिथे हंडाभर सांडलं तरी दोन मिनिटांत जमीन पिऊन टाकते, तिथे उंबऱ्याशी दोन पावलांएवढी ओल होती, आणि पुसली तरी पुन्हा येत होती. हात लावला तर बर्फाच्या गोळ्यासारखं गार. मी हात मागे घेतला तो पदरात गुंडाळूनच स्वयंपाकघरात गेले, आणि पुरणपोळी करता करता मला दरदरून घाम फुटला तरी तो हात काही गरम होईना.

दिवस कलताना मेंढरं आली. तुम्ही लहानपणी पाहिलंय, अंगणातून मेंढवाड्याकडे जाताना कशी एकमेकांना रेटत जातात, मध्ये माणूस उभा असला तर त्याच्या दोन्ही बाजूंनी फुटून पुढे पुन्हा एक होतात. त्या दिवशी ती अंगणाच्या मधोमध अशीच फुटली. मध्ये कोणी नव्हतं. अख्खा कळप त्या मोकळ्या जागेला वळसा घालून गेला, एकाही मेंढीचं अंग तिथे घासलं नाही. मागच्या एका कोकराने मान वर करून काहीतरी हुंगलं आणि शेपूट हलवली. लेईदाबाई विणत होत्या. त्यांनी हे पाहिलं आणि त्यांच्या सुया थांबल्या. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं.

तुमच्या बंधूंचं काय? सांगते. उंबऱ्याजवळ गारवा असतो हे दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी दुधाची चरवी तिथे नेऊन ठेवली. वर मला म्हणाले, वास्तू चांगली बांधली की हे असं होतं.

पण खरी गोष्ट दोन म्हाताऱ्यांची. दिवसभर त्या लिंबाखाली बसायच्या. एक तिच्या बोलीत बोलायची, दुसरी आपल्या. मी मध्ये मोबाईलचं भाषांतर धरून पाहिलं, पण आत्याबाईंचं बोलणं त्या यंत्राला झेपेना ("लोकर पिंजून घे" याचं त्याने काय केलं ते लिहिण्यासारखं नाही), म्हणून दोघींनी मला हाकललं. मग निघायच्या आदल्या दुपारी आत्याबाई मला म्हणाल्या, "तिचा भाऊ हाय त्यो. आगगाडीत घालून न्हेला, बर्फाच्या मुलखात. विहान नाव हाय." (हल्ली गावात दर दोन घरांआड एक विहान आहे, तेव्हा मला ते नाव काही खास वाटलं नाही.)

मला राहवलं नाही. माझ्या मोडक्या इंग्रजीत मी लेईदाबाईंना विचारलं, तुम्हाला भाऊ होता का? बाई म्हणाल्या, "युहान." आणि हळूहळू सांगितलं. त्या पाच वर्षांच्या असताना, मार्चमध्येच, सैनिक आले आणि आईला आणि भावाला मालगाडीत घालून सैबेरियाला नेलं. ह्या शेजारी खेळायला गेल्या होत्या म्हणून राहिल्या. काही वर्षांनी आई परत आली, एकटी. त्यानंतर घरात ते नाव कोणी काढलं नाही, आणि लेईदाबाईंनी तुम्हालाही कधी सांगितलं नव्हतं. नव्हतं ना? मग आत्याबाईंना कोणी सांगितलं?

मी घाबरत घाबरत म्हटलं, आमच्या आत्याबाईंना तो दिसतो. मला वाटलं बाई रडतील नाहीतर मला वेडी ठरवतील. त्यांनी एवढंच विचारलं, त्याने काय घातलंय?

आत्याबाईंना मी विचारलं. त्या उंबऱ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "आंगात मोठ्या माणसाचा कोट हाय. पायात येकच जोडा. दुसरा पाय उघडा हाय गं लेकराचा."

हे मी इंग्रजीत सांगितलं तेव्हा लेईदाबाईंच्या मांडीवरचा लोकरीचा गुंडा घरंगळत अंगणाच्या मध्यापर्यंत गेला, आणि उतार पुढे असूनही तिथेच थांबला. त्या म्हणाल्या, दुसरा जोडा आमच्या घरी आहे. गडबडीत पायातून निसटला होता. आईने तो मरेपर्यंत जपला, आता मी जपते.

भावजी, भर दुपार होती. माथ्यावर ऊन होतं, वाड्यात मेंढरं रवंथ करत होती, आणि मी तुळशीकट्ट्याला धरून उभी होते.

दुसऱ्या दिवशी निरोप. ओटी भरली, जीप अंगणात लागली. लेईदाबाईंनी मागचं दार उघडलं आणि उंबऱ्याकडे तोंड करून हाक मारली, "युहान, तुले!" (म्हणजे "ये". हे भाषांतर मला कोणी सांगायला लागलं नाही. पोराला बोलावणारी बाई कुठल्याही मुलखात तशीच बोलावते.) दार धरून त्या उभ्या राहिल्या. पुन्हा हाक मारली. आम्ही सगळे उंबऱ्याकडे बघत होतो, फक्त हे घड्याळाकडे. कोणी आलं नाही. म्हातारीने दार काही सोडलं नाही.

तेव्हा आत्याबाई काठी टेकत तिच्याजवळ गेल्या आणि आपल्याच भाषेत म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे बाई त्याला. लय थंडी खाल्लीया लेकरानं. हितं ऊन हाय. मी हाय."

लेईदाबाईंना ते कसं कळलं देव जाणे, पण कळलं. त्यांनी आत्याबाईंच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि रडल्या, आणि मग डोळे पुसून गाडीत बसल्या. मागचं दार उघडंच राहिलं होतं. मी लावायला पुढे झाले, एवढ्यात जीप मागच्या बाजूने खाली दबली आणि करकरली. तो आवाज मला ओळखीचा होता. हे म्हणाले, स्प्रिंगचे पाटे गेलेत गाडीचे. आत्याबाई मात्र कपाळाला हात लावून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बसलं म्हातारं गाडीत! जलमभर पाणी पाणी करत मेंढरामागं हिंडलं. कुनी तरी सांगितलं आसंल, तिकडं लय पाणी हाय म्हणून."

त्या दिवसापासून सोप्यातली बाज करकरलेली नाही. उंबऱ्याची ओल वाळली. (चरवीतलं दूध नासलं आणि तुमचे बंधू घर बांधणाऱ्या गवंड्याला शिव्या देत बसले.) आता गारवा वाड्याच्या कडेला असतो, जिथे सकाळचं ऊन पहिल्यांदा येतं, आणि रोज थोडा थोडा कमी होतोय. कोकरं तिथेच जाऊन बसतात. आत्याबाई रोज भाकरीचा कुटका तिथे ठेवतात आणि त्याला मराठी शिकवतात. मला भीती वाटते का विचाराल, तर वाटते. पण परवा वाड्याच्या कुडावर कोणीतरी हसल्यासारखं झालं, आणि मी घाबरायच्या ऐवजी म्हटलं, पडशील रे.

मोठ्यांना नमस्कार, छोट्यांच्या गालांना चिमटे.

तुमची,
मंगल वहिनी

ता. क. यंदा तुमच्या शहराची एस्टोनियाला जायची पाळी आहे ना? तुम्ही जाणार नव्हता असं ऐकलं. कंबर दुखो वा न दुखो, जा. ह्या पत्रासोबत घोंगडं पाठवलंय, ते तुमच्यासाठी नाही. लेईदाबाईंच्या सोप्यात कुठेतरी अडकवून या आणि मामंजींना सांगा, हवं तेव्हा परत या, जागा आहे.

ता. क. २. वरचं आत्याबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणतात, "परत यायची काय घाई न्हाई म्हणावं." तरी घोंगडं त्यांनीच घडी घातलंय.

ता. क. ३. पाकीट चिकटवणार एवढ्यात लेईदाबाईंचा मेसेज आला. बाई विचारतात की पहाटे त्यांच्या स्वयंपाकघरात कोणी पुरुष खाकरतो आणि "च्या ठिव" असं काहीसं म्हणतो, तर या शब्दांचा अर्थ काय? मी अजून उत्तर दिलेलं नाही, मला धीर होत नाही. भावजी, तुमचे वडील आहेत, तुम्हीच सांगा. आणि दोन कप ठेवायला सांगा, ते एकट्याने पीत नाहीत.