ठरावाखालची चौथी सही

जुन्नर, १४ मे २०२५

प्रिय मैत्रीण साळुबाईस,
जोहराबीचा सलाम आणि स. न. वि. वि.

फोनवर तू भांडशील नि मी रडेन, म्हणून कागद घेतला. हर्षालीच्या हळदीला चुडा भरायला मी येत नाही. सरहद्दीवरची लढाई थांबली म्हणतात. तुमच्या गावात मात्र ठराव झाला की मुसलमान फेरीवाल्यांनी, बांगडीवाल्यांनी गावात यायचं नाही. माझ्या नातवाने, अरफातने, मोबाइलवर त्याचा फोटो दाखवला. खाली चौथी सही तुझी. तुझा वाकडा ‘सा’ मी ओळखते गं, एका बाकावर बसून शिकलो आपण.

तुझ्या लग्नात चुडा माझ्या आईने भरला, तुझ्या सुनेला मी. नातीला आता कुणी परकी भरेल. तिचं माप दोन-चार आहे; मोठ्या घालू देऊ नकोस, घसरतील. मला फार लागलंय, साळू.

लोभ उरला असेल तर कळव.
तुझी जोहरा

खालचा मळा, ता. आंबेगाव, १७ मे

प्रिय जोहरास,
साळूचा स. न. वि. वि.

सही माझीच. आमच्याकडे हजेरी म्हणून दारातच वहीत सही घेतात, सभा मागाहून. मी गेले होते पाण्याच्या टाकीसाठी. ठराव नंतर वर लिहिला नि आमच्या सह्या त्याच्याखाली आल्या. पण तुझ्याशी खोटं बोलणार नाही. ठराव वाचला तेव्हा मी तिथेच होते, तोंडात मिठाची गुळणी धरून. त्याची मला लाज वाटते.

काल पंचायतीत जाऊन सही खोडा म्हटलं. ग्रामसेवक म्हणाले की वहीत खाडाखोड चालत नाही. मग मीच पेन ओढून सहीशेजारी लिहिलं की हे मला मान्य नाही, जोहराबी माझ्या घरी येणार. भावकीतल्या रखमाजीने बजावलं की ती आली तर आमी मांडवात पाय ठेवणार न्हाई. मी सांगितलं की बरं झालं, लापशी कमी शिजवू.

हर्षाली म्हणते की चुडा भरीन तर जोहराआजीकडून, नाहीतर मोकळ्या हातांनी बोहल्यावर चढेन. आता बोल.

लोभ ठेव. नाही ठेवलास तर जुन्नरला येऊन हिसकावून घेईन.
तुझी साळू

जुन्नर, २० मे

हट्टी साळूस,
सलाम.

अरफात विचारतो की कुणी अंगावर आलं तर काय करशील. मी सांगितलं की पन्नास वर्षं बायकांचे हात धरतेय, आता गावाला भिऊ का? येते. पण चोरासारखी मागल्या दाराने नाही. दहाच्या एसटीने भर चौकात उतरेन. घ्यायला तूच ये, पोराला पाठवू नकोस. आधी तिथेच भांडणार आहे.

राग गेला नाही, लोभही गेला नाही.
जोहरा

खालचा मळा, ३० मे

प्रिय जोहरास,
स. न. वि. वि.

लग्न पार पडलं. रखमाजीच्या घरचे जेवायला आले नाहीत. एक पातेलं लापशी गुरांना घातली. वाईट वाटलं, चार पिढ्यांची भावकी आहे. ठरावही अजून तसाच आहे नि सरपंच माझ्याकडे बघत नाही.

पण हळदीला रखमाजीची झुंबरबाई डोक्यावर पदर ओढून तुझ्यापुढे हात करून बसली, ते तू पाहिलंस. घरी गेल्यावर रखमाजीने फर्मावलं की त्या बांगड्या आत्ताच्या आत्ता उतरव. तिने शांतपणे विचारलं की हिरव्या बांगड्या नवरा गेल्यावर उतरवत्यात, तुमी तर धडधाकट हाय, मग मी गावाला काय सांगू?

काल तिच्या तिन्ही जावा तू परत कधी येणार ते विचारून गेल्या.

तारीख कळव. लोभाचा प्रश्न आता माझ्या एकटीचा राहिलेला नाही.
तुझी साळू